ड जीवनसत्त्व : अहवालातील लाल आकडा नेमके काय सांगतो?

सावलीप्रिय (धागाकर्ती)
नमस्कार. वार्षिक तपासणीच्या अहवालात माझे ड जीवनसत्त्व प्रति मिलिलिटर १७ नॅनोग्रॅम आले आहे. आकडा लाल रंगात छापलेला असून पुढे 'कमतरता' असा शेरा आहे. माझे वय ४६. हाडे दुखत नाहीत, कधी हाड मोडलेले नाही. गेले काही महिने थकवा मात्र जाणवतो. माझ्या कामाच्या वेळा अशा आहेत की घरातून निघताना सूर्य जेमतेम वर आलेला असतो आणि परतताना तो मावळून गेलेला असतो. अहवाल हाती आल्यापासून ज्याला विचारावे तो वेगळेच सांगतो. कोणी म्हणतो की सगळ्या दुखण्यांचे मूळ यातच आहे, तर कोणी ही गोळ्या खपवणाऱ्यांची टूम असल्याचे सांगतो. हे जीवनसत्त्व शरीरात नेमके काय करते, १७ हा आकडा म्हणजे आजार समजायचा का, आणि माझ्या थकव्याचे खापर त्याच्यावर फोडणे कितपत योग्य आहे, याविषयी जाणकारांनी आणि अनुभवींनी कृपया लिहावे.

पंचाहत्तरीपार
आमच्या तरुणपणी हा आकडा कोणी मोजत नसे, त्यामुळे तो कधी कमीही भरला नाही.

रसायनवेडी
पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देते, बाकीचे वैद्यकातल्या मंडळींवर सोडते.

ड जीवनसत्त्वाला जीवनसत्त्व म्हणणे ही इतिहासातून चालत आलेली सवय आहे. शरीराला जे स्वतः तयार करता येत नाही आणि म्हणून अन्नातूनच मिळवावे लागते ते जीवनसत्त्व, ही व्याख्या याला पुरती लागू पडत नाही. आपल्या त्वचेत ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. त्यावर २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण पडले की रेणूतील एक कडे उघडते आणि पुढे शरीराच्या उष्णतेनेच त्याचे हळूहळू ड-३ मध्ये रूपांतर होते. हे ड-३ अजून निष्क्रियच असते. यकृतात त्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडला जातो, मूत्रपिंडात दुसरा जोडला जातो, आणि तेव्हा कुठे कॅल्सिट्रायॉल हे कामाचे रूप तयार होते. ते रक्तातून फिरत जाऊन पेशीच्या केंद्रकातील ग्राहीला चिकटते आणि कोणती जनुके जागी करायची हे ठरवते. हे सारे वागणे संप्रेरकाचे आहे.

त्याचे मुख्य काम आतड्यात चालते. ड नसेल तर अन्नातील कॅल्शियमपैकी सुमारे १० ते १५ टक्केच शोषले जाते, पुरेसे असेल तर ३० ते ४० टक्क्यांपर्यंत. रक्तातील कॅल्शियमची पातळी शरीर ढळू देत नाही, कारण हृदयाचे आणि स्नायूंचे आकुंचन तिच्यावर अवलंबून असते. आतड्यातून होणारी आवक घटली की मानेतील परावटू ग्रंथी जास्त संप्रेरक सोडतात आणि हाडांतली ठेव मोडली जाते. रक्ताचा जमाखर्च जुळलेला दिसतो, हाड मात्र आतून रिते होत राहते.

एक बारकावा सांगते. प्रयोगशाळा जे मोजते ते यकृतातून बाहेर पडलेले मधले रूप असते. ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकते, म्हणून त्यावरून साठ्याचा अंदाज येतो. कॅल्सिट्रायॉल काही तासांत नाहीसे होते. शिवाय कमतरता असतानाही परावटूच्या रेट्यामुळे ते नेहमीइतके किंवा त्याहून अधिकही भरू शकते. त्यामुळे साठा जाणून घेण्यासाठी ते मोजण्यात अर्थ नाही.

काचेआड
अतिशय सुरेख प्रतिसाद. माझा प्रश्न जरा बाळबोध आहे. माझी बसायची जागा खिडकीलगत असून दुपारी तासभर तरी भरपूर ऊन माझ्या अंगावर येते, तरीही माझा आकडा १४ आला. हे कसे?

रसायनवेडी
@काचेआड, याचे उत्तर आपल्या सदस्यनामातच आहे. खिडकीची साधी काच अतिनील-ब किरण जवळपास पूर्णपणे अडवते. प्रकाश आत येतो, ऊब येते, त्वचा रापवणारे अतिनील-अ किरणही बऱ्यापैकी आत येतात; ज्यांची वाट पाहत आपण बसता, नेमके तेच बाहेर राहतात.

पंचाहत्तरीपार
म्हणजे या गृहस्थांनी तासभर रोज नुसता घाम गाळला.

जुनीपाने
या विषयाचा इतिहास इतका रंजक आहे की राहवत नाही. मुलांची हाडे मऊ पडून पाय धनुष्यासारखे वाकतात, त्या मुडदुसाचे वर्णन सतराव्या शतकातच झाले होते. १६५० साली फ्रान्सिस ग्लिसन यांनी त्यावर आख्खा ग्रंथ लिहिला, पण कारण कोणालाच ठाऊक नव्हते. १८२२ साली पोलंडचे वैद्य येंजेय श्नियादेत्स्की यांच्या लक्षात आले की वॉर्साच्या गल्ल्यांत वाढणाऱ्या मुलांत हा रोग सर्रास दिसतो आणि आसपासच्या खेड्यांतील मुलांत क्वचितच. मुलांना उन्हात न्या, असा त्यांचा सल्ला होता. पण आजार अंगाच्या आत आणि उपचार आकाशात, हे समकालीनांच्या पचनी पडले नाही.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९१९ साली, एकाच वेळी दोन परस्परविरोधी वाटणारी उत्तरे मिळाली. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलॅन्बी यांनी कुत्र्याच्या पिलांना घरात कोंडून ओटच्या आहारावर वाढवले, त्यांना मुडदूस झाला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो बरा झाला. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश सोडला आणि तीही बरी झाली. विशेष म्हणजे प्रकाश एकाच हातावर टाकला तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारत. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन ते रक्तातून सर्वत्र जात होते. आता हा रोग अन्नाचा म्हणायचा की उन्हाचा?

१९२२ साली एल्मर मॅककॉलम यांनी यकृताच्या तेलातून हवा खेळवून आणि ते तापवून त्यातील अ जीवनसत्त्व नष्ट केले. तेलाचा मुडदुसावरचा गुण तरीही कायम राहिला. म्हणजे तेलात वेगळेच काही होते. अ, ब आणि क ही नावे आधीच दिलेली असल्यामुळे त्याच्या वाट्याला ड आला. १९२४ साली हॅरी स्टीनबॉक आणि त्यांच्याहून स्वतंत्रपणे आल्फ्रेड हेस यांनी दाखवले की अन्नावरच अतिनील प्रकाश टाकला तरी ते मुडदूस बरा करते, आणि अन्न व ऊन यांचे भांडण तिथेच मिटले. स्टेरॉलांचा (कोलेस्टेरॉलच्या जातीच्या द्रव्यांचा) आणि जीवनसत्त्वांचा संबंध उलगडल्याबद्दल आडोल्फ विंडाउस यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रसायनवेडी
जुनीपाने यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडते. कुत्र्यांच्या आणि मांजरांच्या त्वचेत ड जीवनसत्त्व जेमतेमच तयार होते, त्यांना ते अन्नातूनच घ्यावे लागते. मेलॅन्बींनी कुत्रे निवडले आणि म्हणून त्यांना फक्त अन्नच दिसले, असे मला नेहमी वाटत आले आहे. ती पिले उन्हात सोडली असती तरी फारसा फरक पडला नसता.

गोळीपंथी
इतिहास आणि रसायन दोन्ही वाचले, पण सामान्य माणसाला अनुभव महत्त्वाचा वाटतो. माझा आकडा ९ होता. जिना चढताना मांड्या भरून येत, जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागे, कंबर सतत दुखे. उपचार सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत मी निराळा माणूस झालो. तेव्हापासून रोज गोळी घेतो आणि भेटेल त्याला घ्यायला सांगतो. सर्दी-खोकला जवळपास थांबला आहे. हृदयरोग, कर्करोग, मधुमेह, नैराश्य या सगळ्यांत ड जीवनसत्त्व कमी आढळते, हे तर सर्वत्र छापून आलेले आहे. मग स्वस्त आणि निरुपद्रवी गोळी सरसकट सर्वांनी घेण्यास हरकत काय आहे?

शंकासुर
हरकत आहे आणि ती 'सरसकट' या शब्दाला आहे.

आजारी माणसांत ड कमी आढळते, हे खरे. पण आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, कमी हालचाल करतो, पुष्कळदा त्याचे वजन जास्त असते आणि हे मेदात विरघळणारे द्रव्य मेदातच अडकून पडते. तेव्हा ड कमी म्हणून आजार, की आजार म्हणून ड कमी? याचा निवाडा नुसती निरीक्षणे जमवून होत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी माणसांची दोन गटांत विभागणी करून एका गटाला खरी आणि दुसऱ्याला पोकळ गोळी द्यावी लागते.

अमेरिकेत 'व्हायटल' या नावाने असा प्रयोग झाला. त्यात २५,८७१ प्रौढ होते, रोज ड जीवनसत्त्वाची २,००० एकके (म्हणजे ५० मायक्रोग्रॅम) आणि साधारण ५.३ वर्षांचा कालावधी. कर्करोगाचे नवे रुग्ण किंवा हृदयविकाराचे झटके, कशातही लक्षणीय घट दिसली नाही. पुढे २०२२ साली याच प्रयोगातील अस्थिभंगांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तर तिथेही फरक नव्हता. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ जणांना रोज ४,००० एकके देणाऱ्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१९ साली आला. त्यातला फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. सर्दी-खोकल्याविषयी अनेक प्रयोग एकत्र करून केलेल्या २०१७ च्या संकलनात थोडा फायदा दिसला होता, पण नंतरच्या अधिक मोठ्या संकलनात तोही ओसरला.

गोळीपंथी
@शंकासुर, आपण सोयीचे तेवढे निवडले आहे. त्याच 'व्हायटल'मध्ये स्वप्रतिकार आजारांचे (ज्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) प्रमाण ड घेणाऱ्यांत २२ टक्क्यांनी कमी होते. ते का सांगितले नाही?

शंकासुर
मान्य, तो आकडा खरा आहे आणि तो वगळायला नको होता. तो आणखी एखाद्या स्वतंत्र प्रयोगात दिसला तर मी माझे सदस्यनाम बदलेन.

अस्थिमित्र
मी अस्थिरोगांवर उपचार करतो. वरील वादात दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत असे म्हणणे सोपे आहे, पण ते दोघे दोन वेगळ्या माणसांविषयी बोलत आहेत हे अधिक अचूक ठरेल. गोळीपंथी यांनी वर्णन केलेली लक्षणे म्हणजे मांड्यांची व खांद्यांची दुर्बलता, बसून उठताना होणारा त्रास आणि कंबरदुखी. प्रौढांतील अस्थिमृदुतेचे हे जवळजवळ नमुनेदार चित्र आहे. या आजारात हाडाचा साचा तयार होतो, पण त्यात खनिज भरले जात नाही. असा रुग्ण उपचाराने खरोखरच निराळा माणूस होतो, आणि माझ्या व्यवसायात इतके समाधान देणारे उपचार फार थोडे आहेत. 'व्हायटल'मधील माणसे मात्र अशी नव्हती. त्यांची सुरुवातीची सरासरी पातळीच सुमारे ३१ नॅनोग्रॅम होती. भरल्या रांजणात पाणी ओतून तहान भागते का, हे त्या प्रयोगाने तपासले. उत्तर 'नाही' असे आले आणि ते महत्त्वाचे उत्तर आहे. पण रिकाम्या रांजणाविषयी ते फारसे काही सांगत नाही.

आता १७ या आकड्याकडे वळतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० च्या अहवालात २० नॅनोग्रॅम ही पातळी जवळजवळ सर्वांच्या हाडांना पुरेशी मानली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील अंतःस्रावी ग्रंथितज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीने २० च्या खाली कमतरता आणि ३० च्या खाली अपुरेपणा असे ठरवले, त्यामुळे जगातील असंख्य निरोगी माणसे एका रात्रीत 'अपुरी' ठरली. त्याच संस्थेने २०२४ साली ही ३० ची रेघ मागे घेतली आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असेही सांगितले. नेहमीच्या गरजेपेक्षा अधिक ड देण्याचा विचार तिने १८ वर्षांखालील मुले, गर्भवती, ७५ वर्षांवरील व्यक्ती आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरील जास्त धोक्याचे लोक यांच्यापुरता ठेवला. येथे आणखी एक गफलत होते. २० ही सर्वांची सरासरी गरज नव्हे. ती सुमारे ९७ टक्के लोकांची गरज भागवणारी वरची रेघ आहे. सरासरी गरज १६ च्या आसपास धरलेली आहे. म्हणजे १७ असलेल्या व्यक्तीला कमतरता असेलच असे नाही. नसेलच असेही नाही. ते ठरवायला कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांशी संबंधित एक विकर) आणि परावटू संप्रेरक पाहावे लागतात. १० च्या खालचा आकडा मात्र मी कधीही हसण्यावारी नेत नाही.

सावलीप्रिय
मनःपूर्वक आभार. यातले बरेच काही मला कोणीच सांगितले नव्हते.

एकदापोळलेला
'निरुपद्रवी' या शब्दावर मला लिहिलेच पाहिजे. माझ्या वडिलांना आठवड्यातून एकदा घ्यायची ६० हजार एककांची मात्रा लिहून दिली होती. चिठ्ठीवरचा शब्द नीट न वाचल्यामुळे ती रोज दिली गेली, आणि ती देणारा मीच होतो. दोन महिन्यांनी त्यांची भूक गेली, तहान वाढली, लघवीला वारंवार जावे लागू लागले, बद्धकोष्ठ झाले. पुढे ते बोलताना शब्द विसरू लागले. आम्हाला वाटले, वय झाले. रक्तात कॅल्शियम भयंकर वाढलेले निघाले आणि मूत्रपिंडांवर ताण आलेला होता. गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या, तरी पातळी खाली यायला कित्येक महिने लागले. आज ते बरे आहेत; चिठ्ठी मात्र मी आता दोनदा वाचतो.

अस्थिमित्र
@एकदापोळलेला, हे लिहिल्याबद्दल आभारी आहे. अशी चूक आपल्याला वाटते त्याहून अधिक घरांत होते. मेदात साठलेले ड हळूहळू रक्तात उतरत राहते, म्हणून इतके दिवस लागतात. १५० नॅनोग्रॅमच्या वर विषबाधेची शक्यता ठळक होते. सार्कॉइडोसिससारख्या (अवयवांत दाहाच्या गाठी होणाऱ्या) आजारांत तर साध्या मात्रेनेही कॅल्शियम चढू शकते, कारण तेथे मूत्रपिंडाबाहेरच्या पेशीच कॅल्सिट्रायॉल बनवू लागतात.

विषबाधा झाली नाही तरी मोठ्या मात्रा चांगल्याच असतात असे नाही. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांवरील २,२५६ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात वर्षातून एकदाच ५ लाख एकके दिली गेली. पडणे आणि हाडे मोडणे कमी व्हावे, हा हेतू होता. प्रत्यक्षात दोन्ही वाढले. तो निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला आणि माझ्यासह अनेकांनी आपली पद्धत बदलली.

पंचाहत्तरीपार
मग ऊनच बरे. उन्हाची चिठ्ठी वाचावी लागत नाही.

रसायनवेडी
आजोबांचे म्हणणे रसायनशास्त्रालाही मान्य आहे. उन्हाने ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, कारण त्वचेत मर्यादेपेक्षा जास्त तयार होऊ लागले की तेच किरण त्याचे ल्युमिस्टेरॉलसारख्या निष्क्रिय द्रव्यांत रूपांतर करतात.

पण उन्हालाही अटी आहेत. सूर्य तिरपा असला की किरणांना वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो आणि अतिनील-ब वाटेतच गळतात. ४२ अंश उत्तर अक्षांशावरील बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्वचेत ड तयारच होत नाही, हे १९८८ साली प्रयोगाने दाखवले गेले. ढोबळ खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल, तर त्या उन्हातून फारसे काही मिळणार नाही. धागाकर्ती सकाळी जाताना जे ऊन पाहते, ते याच जातीचे आहे. त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जितके अधिक, तितका वेळ जास्त लागतो. वय वाढते तसा त्वचेतील कच्चा मालही घटतो.

आणि अतिनील-ब हे ड बनवणारे किरण त्वचेतील डीएनएलाही इजा करतात. त्वचा लाल होईपर्यंत उन्हात बसणे हा उपाय कधीच नव्हे.

शाकाहारीशंका
मासे आणि अंडी न खाणाऱ्यांनी काय करावे? मध्यंतरी असे वाचले की गोळ्यांतील ड-३ मेंढीच्या लोकरीपासून काढतात.

रसायनवेडी
बरोबर वाचले आहे. लोकरीतील मेणचट चरबीतून ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल मिळवून त्यावर अतिनील प्रकाश टाकतात; मेंढीला इजा होत नाही, पण प्राणिजन्य नको असेल तर दगडफुलापासून केलेले ड-३ मिळते. अतिनील प्रकाश दिलेल्या अळिंबीत ड-२ असते, ते पातळी टिकवून धरण्यात ड-३ पेक्षा काहीसे कमी पडते. उलट, नैसर्गिक म्हणून कोणी यकृताचे तेल चमच्यांनी पिऊ नये. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते अंगावर येते.

नवमाता
माझे बाळ फक्त अंगावरच पिते. माझा आकडा चांगला आहे, तरी बाळाला थेंब का द्यायला सांगितले असावेत?

अस्थिमित्र
मातेची पातळी सर्वसाधारण असली तरी दुधात ड फार थोडे उतरते, आणि कोवळ्या बाळाला उन्हात ठेवणे योग्य नाही. म्हणून जन्मानंतर लवकरच रोज ४०० एकके, म्हणजे १० मायक्रोग्रॅम द्यावीत, असा सल्ला आहे. बाटलीवर एका थेंबात किती एकके आहेत हे पाहावे, कारण प्रत्येक बाटलीचे प्रमाण वेगळे असते. हे थेंब मात्र टाळू नका. यावर शंकासुरांचेही दुमत नसावे.

शंकासुर
अजिबात नाही.

सावलीप्रिय
जवळपास चार महिन्यांनी परत लिहीत आहे. या धाग्यावरून धीर घेऊन मी डॉक्टरांकडे जाऊन नेमके प्रश्न विचारले. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि परावटू संप्रेरक, सगळे ठीक निघाले. डॉक्टरांनी मोठी मात्रा न देता रोज १,००० एकके जेवणाबरोबर घ्यायला सांगितली. तीन महिन्यांनी आकडा २६ आला. लाल रंग गेला. थकवा मात्र जागच्या जागी आहे, आणि आता त्याचा शोध वेगळ्या दिशेने, रक्तातील लोहापासून, सुरू झाला आहे.

गोळीपंथी
रोज १०० एककांमागे साधारण १ नॅनोग्रॅम वाढतो असा ठोकताळा आहे, तो आपल्या बाबतीत जवळजवळ तंतोतंत जुळला. थकवाही गोळीने जाईल असे मला वाटत होते; त्याबाबत मी चुकलो, हे कबूल करतो.

अस्थिमित्र
एकच विचारतो. दोन्ही तपासण्या एकाच प्रयोगशाळेत केल्या होत्या का? पद्धती वेगळ्या असल्या तर चार-पाच नॅनोग्रॅमचा फरक नुसत्या यंत्रामुळेही पडू शकतो. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही पद्धतींत ड जीवनसत्त्वाचा आकडा खोटाच चढा येतो.

सावलीप्रिय
प्रयोगशाळा एकच होती. बायोटिन मात्र दुसऱ्या तपासणीच्या महिनाभर आधी सुरू केले होते.